बोटॅनिकल गार्डनला जाताय? मग आधी काचघरात घुसा

मोठं बोटॅनिकल गार्डन बघायला जाणारे बहुतेक लोक एकच चूक करतात, गेटवर नकाशा घेतात आणि समोर दिसेल तिकडे चालायला लागतात. गुलाब बघतात, तळं बघतात, बाकावर बसून फोटो काढतात, मग पाय बोलायला लागले की आठवतं अरे ते काचघर राहिलंच की. तिथे पोचेपर्यंत दार बंद. बऱ्याच बागांमध्ये काचघरं मुख्य गेटच्या आधीच बंद होतात, ही गोष्ट तिकिटावर बारीक अक्षरात असते आणि ती कुणी वाचत नाही. मी पण नव्हती वाचली.

तर पहिलं म्हणजे सगळं बघायचा हट्ट सोडा. लंडनचं क्यू गार्डन्स ३०० एकरांच्या वर आहे, न्यूयॉर्कचं २५० एकर, एका दिवसात होत नाही हो ते. दोन काचघरं नीट बघायची आणि बाहेरचा एखादा कोपरा, बास. उघडल्या उघडल्या थेट काचघर गाठा, तेव्हा गर्दी नसते, नुकतं पाणी मारलेलं असतं, पानांवर थेंब असतात आणि ऊन चढलेलं नसतं. दुपारी तिथेच घाम निथळतो.

कपड्यांचं सोपंय, वरचा थर पटकन काढता आला पाहिजे. थंड देशात बाहेर कडाका आणि आत गरम पाण्याची अंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये असते तशी हवा. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बे मध्ये मात्र सगळं उलटं, तिथली काचघरं मुद्दाम थंड ठेवलीत, त्यामुळे उकाड्यातून आत गेलं की अंगात जॅकेट लागतं.

आता कॅमेरा. थंडीतून दमट काचघरात शिरलात की लेन्सवर आणि चष्म्यावर लगेच धुकं धरतं. मी पहिल्यांदा शर्टाने पुसत बसलो होतो, पुसलं की परत धरतं, परत पुसलं की परत, दहा मिनिटं हाच उद्योग, आणि वर लेन्सला ओरखडा पडला तो वेगळाच. काच थंड असते म्हणून तिच्यावर वाफ जमते, काच गरम झाली की आपोआप जाते. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून आत जा, पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरा, मग बाहेर काढा. तोवर डोळ्यांनी बघा की!

क्रम माझा ठरलेला आहे, ओलं आधी, कोरडं नंतर. म्हणजे आधी जंगलवालं दमट घर, मग कॅक्टसवालं. कोरड्या घरात शर्टही वाळतो.

दमट घरात वरची गॅलरी असेल तर जिने चढाच. खालून ताडामाडांचे नुसते बुंधे दिसतात, खरी मजा शेंड्यात असते आणि ती वरूनच कळते. फक्त गरम हवा वर जाते त्यामुळे गॅलरीत भयंकर उकडतं, पाच मिनिटांत खाली याल. क्यूचं पाम हाऊस १८४८ साली बांधून झालं, त्यात असाच लोखंडी गोल जिना आहे. खाली कोकोचं झाड शोधा, त्याची फळं फणसासारखी थेट बुंध्याला लागतात. व्हॅनिलाचा वेल पण बघा, ती चक्क ऑर्किड आहे. मूळ देशाबाहेर तिला फळ धरेना कारण परागीकरण करणारे किडे नव्हते, मग १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करायची युक्ती काढली, ती आजही वापरतात.

लोक पाट्या वाचत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. छोटीशी पाटी असते पण माहिती भरपूर. दोन शब्दांचं लॅटिन नाव, त्यापुढे नुसता एल दिसला तर ते नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलंय, मधे गुणिलेची खूण असेल तर ते संकर आहे, मग कूळ आणि मूळ देश. कोपऱ्यात एक नंबर असतो, त्यात बऱ्याचदा झाड बागेत आलं ते साल असतं, झाडाचं वय नाही हं. क्यूमध्ये कुंडीतलं एक सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं पण ताड नसलेलं झाड आहे, ते १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेलं आणि अजून कुंडीतच आहे! त्याचाच एक भाऊबंद म्हणजे एन्सेफॅलार्टोस वुडी, जंगलात १८९५ मध्ये त्याचं एकच नर झाड सापडलं, मादी आजतागायत मिळाली नाही, जगभरच्या बागांत जी आहेत ती सगळी त्या एकाचीच पिल्लं. पाटी नाही वाचली तर तुम्ही त्याच्यासमोरून 'हा काय, ताडच' म्हणून निघून जाल.

टायटन अरम फुलणार असेल तर बागेच्या पेजवर लक्ष ठेवा. आपल्या सुरणाच्याच गणातलं झाड आहे, फक्त फूल माणसाहून उंच आणि वास सडक्या मांसाचा. संध्याकाळी उमलतं, पहिल्या रात्री वास सगळ्यात जास्त, दोन दिवसांत लोळागोळा. उद्या जाऊ म्हणालात की संपलं. व्हिक्टोरिया नावाच्या राक्षसी कमळाचंही तसंच, फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी, दिवसा गेलात तर पानांवर समाधान माना. नवीन पान काटेरी गोळ्यासारखं गुंडाळलेलं वर येतं, ते मात्र दिवसाही दिसतं.

लहान मुलं बरोबर असतील तर काचघरात पाऊण तासाच्या वर ओढू नका, फरशी ओली असते आणि ती पळतात. आणि कॅक्टसच्या घरात हात खिशात. मोठे काटे दिसतात म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही, फसवतात ते निवडुंगाच्या फड्यावरचे मखमली ठिपके, मऊ दिसतात म्हणून माझ्या भाच्याने बोट फिरवलं आणि केसाएवढ्या बारीक शंभरेक काट्यांनी बोट भरलं. असं झालं तर चोळू नका, मोडून आत राहतात. उजेडात बसून चिमट्याने एकेक काढायचे, आम्हाला अर्धा तास लागला आणि चिमटा शेजारच्या बाईंकडून मागून घ्यावा लागला.