खिडकीकडचा गाल आणि लाल दिवा

बावीस वर्षं मी गाडी चालवून पोट भरलं. पन्नाशीला आरशात नीट पाहिलं, तर खिडकीकडचा गाल दुसऱ्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण (३२० ते ४०० नॅनोमीटर) बाजूच्या साध्या काचेतूनही बरेचसे आत येतात आणि त्वचेत खोल जाऊन कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतात.

अशा सुरकुत्यांसाठी घरी वापरायचे लाल प्रकाशाचे दिवे मिळतात, पण दिवा विकत घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा. माझ्या कानशिलावर सँडपेपरसारखा खरखरीत ठिपका होता, तो कर्करोगाकडे झुकू शकणारा निघाला. त्यावर वेगळीच प्रकाशचिकित्सा झाली: आधी औषध लावून पेशी प्रकाशाला संवेदनशील केल्या, मग दवाखान्यातच दिवा. चांगलीच आग होते, आणि नंतर दोन दिवस उजेडापासून जपावं लागतं. हे घरी करायचं काम नव्हे.

घरी चालतो तो लाल एलईडी. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८३० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना, चालना देतो, कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी जास्त कामाला लागतात. बारीक सुरकुत्या आणि खरबरीतपणा यांवर त्याचा उपयोग होतो. उन्हाचे तपकिरी डाग मात्र तो काढत नाही. त्यांच्यासाठी आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) किंवा लेसर लागतं, आणि सावळ्या त्वचेवर ते अनुभवी हातांनीच व्हायला हवं, नाहीतर भाजून नवे डाग पडतात.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. खोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट ते बघा. ३० मिलिवॅट असेल आणि १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद बसलात, तर दर चौरस सेंटीमीटरला १८,००० मिलिज्यूल, म्हणजे १८ ज्यूल झाले. हा आकडा ठरावीक अंतरावरचा असतो, दिवा लांब नेला की मात्रा घटते. आकडा छापलेलाच नसेल तर ते यंत्र मी घेणार नाही.

चेहरा धुऊन कोरडा करा, क्रीम नंतर लावा. डोळ्यांवर गॉगल हवाच. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दहा मिनिटं. मी अधीर होऊन तिसऱ्या आठवड्यात वेळ दुप्पट केली, दिवाही जवळ ओढला. गाल तापू लागला आणि जुना वांग (चेहऱ्यावरचा काळपट डाग) गडद झाला. वांगाला उष्णता सोसत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. शिवाय एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली की फायदा उलट कमी होतो. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी, उजेडाची संवेदना वाढवणारी औषधं चालू असतील किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असेल, तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

फोटो काढा: तीच खिडकी, तीच वेळ, तसाच चेहरा. रोज आरशात काही कळत नाही. बारा आठवड्यांनी माझ्या डोळ्याखालच्या बारीक रेघा मऊ झाल्या होत्या, गालावरच्या खोल घड्या तशाच होत्या. आणि सनस्क्रीन लावायला विसरलात तर दिव्यासमोर बसलेली दहा मिनिटं वाया गेली असं समजा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण दिसणाऱ्या उजेडानेही तो गडद होतो. मी आता गाडीत बसण्याआधी खिडकीकडच्या गालापासूनच लावायला सुरुवात करते, कानापर्यंत.