द्रौपदीचा प्रश्न मुळातून कसा वाचावा

महाकाव्यांतल्या स्त्रियांचं सामर्थ्य शोधायला बसलं की हात आधी विशेषणांकडे जातो: तेजस्विनी, मानिनी, पतिव्रता. विशेषणं कवी देतो. तिचं स्वतःचं म्हणावं असं दोनच ठिकाणी सापडतं, तिच्या बोलण्यात आणि तिने उचललेल्या पावलात. म्हणून क्रियापदं टिपायची.

आधी प्रत ठरवा. महाभारताची, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली चिकित्सित आवृत्ती घ्या. सव्वा हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली ही संहिता १९६६ साली पूर्ण झाली. प्रतीचा एवढा आग्रह का? ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी या पाठात नाही. स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ असं म्हणणं आणि वस्त्रहरणाच्या वेळचा कृष्णाचा धावा, दोन्ही मुख्य पाठाबाहेर तळटीपांत गेले आहेत. मालिकेतली द्रौपदी डोक्यात ठेवून वाचलं तर ती भांडखोर तरी वाटते, नाहीतर असहाय. संहितेतली द्रौपदी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

आता सभापर्वाचे अध्याय ६० ते ६३ काढा. नीलकंठी पाठाची, म्हणजे टीकाकार नीलकंठाने वापरलेल्या पाठाची प्रत असेल तर क्रमांक पुढे सरकतात. तिथे दुर्योधनाचा सेवक प्रातिकामी द्रौपदीकडे निरोप घेऊन येतो ती जागा शोधा. वहीत चार रकाने आखा: कोण बोलतं, कोणाला, काय करायला सांगतं किंवा विचारतं, उत्तर काय मिळतं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच भरायचा राहून जातो.

पहिली नोंद अशी होईल. ‘सभेत चल’ असा निरोप येतो. ती जात नाही, रडतही नाही. प्रातिकामीलाच उलट पाठवते: त्या जुगाऱ्याला विचारून ये, ‘किं नु पूर्वं पराजैषीरात्मानं मां नु’, आधी स्वतःला हरलास की मला? शब्द नीट पाहा. नवऱ्यासाठी ती ‘कितव’ म्हणजे जुगारी हा शब्द वापरते. दुसरं म्हणजे, प्रश्न क्रमाचा आहे. आधी स्वतःला हरलेला माणूस दास झाला. मग दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार त्याच्याकडे उरतो का? प्रातिकामी सभेत येऊन तो प्रश्न मांडतो तेव्हा आणखी धारदार करतो: ‘कस्येशो नः पराजैषीः’, कोणाचा स्वामी असताना आम्हाला हरलास? चौथ्या रकान्यात लिहा: युधिष्ठिर बरं-वाईट काहीच बोलत नाही.

पुढे भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचं सांगून उत्तर टाळतात. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण मात्र मुद्दे मांडतो: द्यूत हे राजाचं व्यसन, ती पाचांची सामाईक पत्नी, युधिष्ठिर आधी स्वतःला हरलेला, आणि तिला पणाला लावायचं शकुनीने सुचवलेलं. हे मुद्दे वेगवेगळे लिहा. एकत्र केले तर क्रमाच्या मुद्द्याचं वजन कळत नाही.

अध्याय ६३ मध्ये धृतराष्ट्र द्रौपदीला देतो ते वर घाईने वाचू नका. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला दास्यातून सोडवते आणि कारणही देते: त्याच्यापासून झालेल्या आपल्या मुलाला, प्रतिविंध्याला, कोणी दासपुत्र म्हणू नये. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती नाकारते. क्षत्रिय स्त्रीला दोनच, असा नियम सांगून. स्वतःसाठी वेगळं काही मागतच नाही. शस्त्रं मात्र नाव घेऊन मागून घेते.

सरावासाठी सावित्री घ्या, आरण्यकपर्व २७७ ते २८३. यमाने दिलेला प्रत्येक वर आणि त्याला जोडलेली अट शेजारी-शेजारी लिहा. पहिल्या चारांत ‘याचं जीवित सोडून’ ही अट आहे: सासऱ्याची दृष्टी, त्याचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र. पाचव्यात ती अट येत नाही. सावित्री ते यमाच्या लक्षात आणून देते आणि मग सत्यवानाचं जीवित मागते. गोष्ट म्हणून वाचलं की ही बारीक जागा निसटते आणि उरते फक्त पतिभक्ती.

हमखास होणारी एक चूक म्हणजे कोण कोणाला सांगतंय हे विसरणं. विदुला या क्षत्रिय मातेने पराभूत मुलाला सुनावलेले खडे बोल उद्योगपर्वात कुंती कृष्णाकरवी युधिष्ठिराला पाठवते. म्हणजे ‘मुहूर्तं ज्वलितं श्रेयः’, क्षणभर का होईना पेटून उठणं बरं, हे विदुलेचं बोलणं असलं तरी ते नेमक्या त्या वेळी वापरणं ही कुंतीची कृती आहे. वहीत दोघींची नोंद करा.

दुसरी चूक म्हणजे कालिदासाची शकुंतला आदिपर्वात शोधणं. तिथे अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. गांधर्व विवाहाआधी ती अट घालते, माझा मुलगा युवराज होईल. आणि दुष्यंत ओळख नाकारतो तेव्हा भर दरबारात उभी राहून वाद घालते. अध्याय ६२ पासून सुरुवात करा आणि तिची अट जिथे येते त्या श्लोकावर खूण करून ठेवा. पुढचा सगळा वाद त्या अटीवरच उभा आहे.