लूप चालू असताना डिक्शनरीतून नोंदी काढायच्या कशा?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी मी साठ्याचे छोटे प्रोग्राम लिहिते. नव्याने पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी पोरं माझ्याकडे हमखास एकच एरर घेऊन येतात: ‘डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन’, म्हणजे लूप फिरत असतानाच डिक्शनरीतल्या नोंदींची संख्या बदलली. डिक्शनरी म्हणजे की (नाव) आणि व्हॅल्यू (किंमत) अशा जोड्यांचा संग्रह. इथे ‘साठा’ नावाची डिक्शनरी, मालाचं नाव ही की, शिल्लक नग ही व्हॅल्यू. शून्य झालेला माल काढायचा म्हणून एकेक नोंद घेत फिरणाऱ्या फॉर लूपच्या आतच डेल (नोंद काढण्याची आज्ञा) लिहिलेलं असतं.

असलेल्या मालाचे नग लूपमध्ये बिनधास्त बदला, त्याने काही बिघडत नाही. अडचण होते ती नोंद वाढवली किंवा काढली तर. लूप डिक्शनरीच्या आतल्या टेबलात आपली जागा धरून पुढे सरकतो. नोंदी वाढल्यावर ते टेबल नव्याने मांडलं जाऊ शकतं आणि धरलेली जागा निरर्थक होते. म्हणून पायथन दर फेरीला नोंदींची संख्या तपासतो. पण एक काढली आणि एक घातली तर संख्या जुळते! मग एरर येईलच असा भरवसा नाही, आणि एखादा माल तपासायचाच राहून जाऊ शकतो. मला खरी भीती याची वाटते, कारण एरर निदान डोळ्यांना दिसते.

उपाय सोपा आहे. ‘फॉर माल इन साठा’ऐवजी ‘फॉर माल इन लिस्ट(साठा)’ लिहा. नावांची यादी आधीच तयार होते, लूप तिच्यावर फिरतो, आणि तुम्ही साठ्यातून खुशाल डेल करा. नगही हवे असतील तर लिस्ट(साठा.आयटम्स()). नुसतं साठा.कीज() पुरत नाही. पायथन २ मध्ये ते खरी लिस्ट द्यायचं, ३ मध्ये फक्त व्ह्यू देतं, म्हणजे वेगळी यादी नाही, त्याच डिक्शनरीकडे बघायची खिडकी. जुने प्रोग्राम नव्यावर आणताना इथेच अडतात.

एकच नोंद काढायची असेल तर डेलनंतर लगेच ब्रेक देऊन लूप तिथेच थांबवा, झालं. नवा माल वाढवायचा असेल तर तो ‘नवे’ नावाच्या वेगळ्या डिक्शनरीत जमवा आणि लूप संपल्यावर साठा.अपडेट(नवे) करा.

बराच माल गाळायचा असेल तर मला हे आवडतं:

साठा = {माल: नग फॉर माल, नग इन साठा.आयटम्स() इफ नग > ०}

वाचायला स्वच्छ, पण ही नवीन डिक्शनरी आहे. बिलाच्या भागाने जुनी धरून ठेवली असेल, तर संपलेली चादर तिथे शिल्लक दिसत राहते आणि गिऱ्हाइकाला नसलेल्या मालाचं बिल जातं. साठा अनेक ठिकाणी वापरात असेल तर लिस्टवर फिरून त्याच डिक्शनरीतून काढा.