‘तुझं अक्षर छान आहे, जर्नल तू लिही’ : मुलींना तंत्रज्ञानाकडे वळवताना या चुका टाळा

प्रॅक्टिकलला चौघांचा गट असतो. एक ब्रेडबोर्ड (सर्किट जोडायची भोकांची पट्टी), एक मल्टीमीटर, एक सोल्डर गन. कुणी काही न सांगता पाच मिनिटांत कामं वाटली जातात. गन एका मुलाकडे, मल्टीमीटर दुसऱ्याकडे, आणि मुलीला काय, तर "तुझं अक्षर छान आहे, रीडिंग तू लिही."

ती लिहिते, आलेख काढते, सबमिशनला शाबासकी मिळवते. तीन वर्षांनी मुलाखतीत कुणी विचारलं, "हे सर्किट तू जोडलंस का?" की मान खाली. मी कित्येक वर्षं हे बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट ‘मुली कशा नीटनेटक्या!’ म्हणून स्टाफरूममध्ये कौतुक करायचे.

आता दर प्रॅक्टिकलला हात बदलतात. कुणी जोडायचं, कुणी मोजायचं, कुणी लिहायचं याचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे. सुरुवातीला मुलं कुरकुरली, मुलीही कुरकुरल्या. एक म्हणाली, "मॅडम, मला लिहायलाच बरं वाटतं." तिनं लावलेला पहिला एलईडी पेटेना. शेजारच्या मुलाचा हात लगेच पुढे आला. तो हात अडवणं, एवढंच त्या तासाला माझं काम होतं. एलईडीचा लांब पाय प्लसकडे जातो हे तिचं तिला आठवायला चार-पाच मिनिटं लागली. पेटल्यावर तिनं तो काढला, मुद्दाम उलटा लावून पाहिला आणि परत सुलटा लावला.

‘मुलींना तारा-बिरा नकोत, त्यांना आपलं एसीतलं काम बरं’ म्हणणाऱ्यांना मी एनिअ‍ॅकची गोष्ट सांगते. 1946 साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या त्या अवाढव्य संगणकावर प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे केबली खोचायच्या आणि स्विच फिरवायचे. ते काम ज्या सहा जणांच्या चमूनं केलं, त्या सहाही बायका होत्या.

घरी होणारी चूक वेगळी. लॅपटॉप ‘दादाचा’ असतो. ताईला प्रोजेक्टपुरता मिळतो. ज्या यंत्रावर चुकून काही उडवायची, बिघडवायची मुभा नाही, ते यंत्र कुणालाच येत नाही. रोज एक तास ठरवून तिच्या नावावर लावा आणि त्या तासात तिला भाजी निवडायला हाक मारू नका.

दहावीनंतरची घाई तर फारच महागात पडते. ‘गणित जड जातं’ म्हणून अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र धरायचं आणि बारावीत इंजिनिअरिंगचा विचार करायचा! इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात गणित असतंच. मन पक्कं नसेल तर अकरावीला दोन्ही विषय ठेवा. किंवा दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्या. लांबच्या ज्युनिअर कॉलेजचा आणि क्लासचा खर्च झेपत नसेल त्या घरांना हा रस्ता मी आधी सुचवते.

आता पैशांचं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पालक ऐकतात फक्त ‘मुलींना शिक्षण फुकट’ आणि मग दोन ठिकाणी अडकतात. एक, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतात. सवलत कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या प्रवेशाला आहे. दोन, उत्पन्नाचा दाखला प्रवेश सुरू झाल्यावर काढायला जातात, तेव्हा सेतू केंद्रापुढे रांग लागलेली असते. दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवा. होस्टेल आणि मेस यात येत नाही, त्याची तजवीज वेगळी करा. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. तिची चौकशी पहिल्या वर्षालाच करायची.

8 मार्चच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. पाहुण्या मोठ्या असतात, मुली टाळ्या वाजवतात आणि रांगोळी पुसली की संपलं. त्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी इथूनच पास झालेली, पुण्यात नोकरी करणारी मुलगी बोलवा. तिला मुली खरे प्रश्न विचारतात. खोली कशी शोधलीस? भाडं किती? रात्रपाळीला कंपनीची गाडी असते का? आईवडिलांना कसं पटवलंस? माझ्या एका तासाच्या भाषणात यातलं एकही उत्तर नव्हतं.

शेवटची चूक सर्वस्वी माझी. कोडिंगचा जादा वर्ग मी संध्याकाळी पाच ते साडेसहा ठेवला होता. मुलं यायची, मुली दोन-तीनच. ‘मुलींना रसच नाही’ असं मी प्राचार्यांना लिहूनही दिलं होतं. मग लॅबच्या शिपायांनी सहज विचारलं, "मॅडम, त्यांची शेवटची एसटी साडेपाचला सुटते ना?"

वर्ग आता सकाळी साडेनऊला असतो. पहिल्या गाडीनं येणाऱ्या मुली लॅबचं कुलूप उघडायच्या आधीच दारात उभ्या असतात.