माळकरी सासऱ्यांना इंग्लंडच्या पबात कसं न्यावं

पहिली गोष्ट, घरात 'पब' हा शब्द काढू नका. मी काढला होता. सासरे, म्हणजे आमचे मामा, मंगळवेढ्याचे. गळ्यात तुळशीची माळ. रेडिंगला आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी उत्साहानं म्हणाले, "उद्या पबात जेवायला जाऊ." त्यांनी ताटावरचा हात मागे घेतला. "सूनबाई, गुत्त्यात मी येत नाही." पुढच्या खेपेला मी म्हणाले, "एका खेड्यात बाग आहे, तिथं जेवण मिळतं." यात खोटं काहीच नव्हतं.

पब निवडताना जेवणाआधी बाग बघा. नकाशावरच्या फोटोंत तीन गोष्टी शोधायच्या. बाग घराच्या मागं आहे का, की रस्त्याला लागून? लहान पोरं पळतील तिथं कुंपण आहे का? आणि बाजूनं फाटक आहे का? तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण फाटकातून गेलं की बार ओलांडावा लागत नाही. एक तोटा मात्र आहे. 1 जुलै 2007 पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट बंद आहे, त्यामुळं ओढणारे बागेतच येतात. वाऱ्याची दिशा बघून टेबल धरा.

जवळपास पाय मोकळे करायला काही असेल तर दुपार सुखाची जाते. आमच्याकडून गाडीनं जवळ म्हणजे ऑल्डवर्थ हे खेडं. तिथला 'द बेल' हा पब दोनशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडं आहे. मोठं जेवण नाही, गरम सूप आणि भरलेले पाव. गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये चौदाव्या शतकातल्या नऊ दगडी मूर्ती आहेत, एकाच घराण्यातल्या माणसांच्या, बहुतेक चिलखतातल्या. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वीरगळच की ही."

आता वेळ. रविवारी दुपारचा रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही, हेच खेड्यातल्या पबचं मुख्य जेवण, आणि ते संपलं की संपलं. आतलं टेबल आधी फोन करून ठेवता येतं, पण बागेतलं बहुतेक ठिकाणी जो आधी येईल त्याचं. म्हणून बाराला पोचायचं आणि एसटीत रुमाल टाकतो तसं एकानं बसून राहायचं. इतर दिवशी बऱ्याच ठिकाणी दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी उघडतं. सोमवारी पुष्कळ पब उघडतच नाहीत. आम्ही एकदा तीन वाजून दहा मिनिटांनी पोचलो होतो. बार उघडा, चूल बंद. पोरांनी चिप्सची पाकिटं खाल्ली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, डब्यात दशम्या आणल्या होत्या, पण पबच्या बागेत घरचं काढून खाणं बरं दिसत नाही आणि चालतही नाही. गाडीत बसून खाल्ल्या, काचा वर करून.

बागेत वेटरची वाट बघत बसू नका. टेबलावर आकडा ठोकलेला असतो, तो लक्षात ठेवून कुणीतरी एकानं बारपाशी जायचं, ऑर्डर द्यायची, पैसे तिथंच भरायचे. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं हे पलीकडच्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. हात हलवून बोलावलंत तर मात्र तुमचा नंबर मागं जातो, हे मी नवऱ्याच्या अनुभवावरून सांगते.

पोरांची काळजी नको. सोळाच्या आतल्यांबरोबर मोठं माणूस असलं की बहुतेक ठिकाणी चालतं.

शाकाहारी असाल तर इथून पुढं नीट वाचा. यॉर्कशायर पुडिंग ही गोड वस्तू नाही, ती मैदा-दूध-अंड्याची फुगलेली वाटी आहे. भाजलेले बटाटे कधी कधी गाईच्या किंवा बदकाच्या चरबीत असतात. ग्रेव्ही तर मांसाच्या रसाचीच, शाकाहारी हवी तर वेगळी मागायची. वूस्टर सॉसमध्ये मासा असतो. जुन्या पद्धतीच्या वाफवलेल्या पुडिंगांत चरबी असू शकते. ॲलर्जीची यादी मागून निर्धास्त होऊ नका. कायद्यानं चौदा पदार्थांची माहिती द्यावीच लागते, त्यात अंडं, दूध, मासा आणि मोहरीसुद्धा आहे, पण गाईची चरबी त्यात नाही! म्हणून यादी बघायची आणि वर तोंडानं विचारायचं: बटाटे कशात भाजलेत? तळण माशाच्याच कढईत होतं का? विचारल्याचं कुणी वाईट मानत नाही.

बहुधा चालणारं म्हणजे प्लाउमन्स लंच. चीज, पाव, थोडं सॅलड आणि 'पिकल'. हे पिकल म्हणजे लोणचं समजून आत्यांनी बोटभर उचललं, निघाला काळा, गोडसर मुरंबा. एकादशी असेल तर जॅकेट पोटॅटो. सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, वर फक्त लोणी आणि मीठ, बीन्स नको म्हणून सांगायचं. रविवारी तो बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, तेवढं फोनवर विचारून घ्या.

पिण्याच्या नावांनी फसायला होतं. लेमोनेड म्हणजे लिंबू सरबत नव्हे, गोड सोडा. जिंजर बियरमध्ये बहुधा दारू नसते, सायडरमध्ये असते. सायडरला सफरचंदाचा रस समजून आमच्या एका पाहुणीनं अर्धा पाइंट संपवला आणि मग फार गप्पा मारल्या. मामांसाठी लाइम-सोडा. चहाही मिळतो, दूध वेगळं येतं.

ऑगस्टमध्ये गांधीलमाशा येतात. ग्लासावर टेबलावरचा पुठ्ठ्याचा गोल झाका आणि थोडा जॅम दूरच्या रिकाम्या टेबलावर ठेवा, त्या तिकडं जातात. ऊन असलं तरी स्वेटर गाडीत हवाच.

उठताना रिकामे ग्लास बारवर नेऊन द्यावेत. सक्ती नाही, पण चांगलं दिसतं. मागच्या खेपेला मी उचलायला लागले तर मामा म्हणाले, "दे इकडं." दोन्ही हातांत ग्लास घेऊन मागच्या दारानं ते आत गेले. दहा मिनिटं झाली, बाहेर येईनात. नवरा बघायला निघाला तेवढ्यात आले.

"काय करत होता एवढा वेळ?"

"काही नाही. एका म्हाताऱ्याचं कुत्रं होतं शेगडीपाशी. शांत आहे बिचारं."