मुलांची पोटगी: आकडा कसा मांडायचा, वसूल कसा करायचा, बदलून कसा घ्यायचा

कळव्याला आमच्या मंडळाच्या खोलीत शनिवारी दुपारी बायका येतात. कोणी नवऱ्यापासून वेगळी राहते, कोणाची घटस्फोटाची केस चालू असते. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच: "ताई, मुलांची पोटगी किती बसेल?" मी उलट विचारते, मुलांवर महिन्याला खर्च किती होतो? "होतात की दहा-बारा हजार," असं उत्तर येतं. मग आम्ही वही घेऊन बसतो आणि तासाभरात तो आकडा दुपटीच्या पुढे जातो. कोर्टात ती दहा-बारा हजारच बोलून आली असती, आणि पुढची कित्येक वर्षं तेवढ्यातच मुलं वाढवावी लागली असती.

मी वकील नाही. गेली काही वर्षं अशा बायकांबरोबर ठाण्याच्या कोर्टनाक्यावर आणि बेलापूरला जाते, कागद लावायला मदत करते. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी वही घाला

आपल्याकडे मुलांच्या पोटगीचं ठरलेलं कोष्टक नाही. "पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात" हे सगळीकडे ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या एका निकालात तसा उल्लेख आहे, पण ते प्रकरण पत्नीच्या पोटगीचं होतं. मुलांसाठीचं ते सूत्र नाही. कोर्ट पाहतं ते मुलाच्या गरजा, वडिलांची खरी कमाई, घर मोडण्याआधी मुलं कशी राहत होती ते, आणि आईचं उत्पन्न. यातली पहिली गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

साधी दोनशे पानी वही घ्या. महिन्याला एक पान. वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागून महिन्यात धरा. समजा, आई कोपरखैरण्याला भाड्याने राहते, मुलगा चौथीत, मुलगी तीन वर्षांची. भाडं १५,००० रुपये. राहणारे तिघं, म्हणून मुलांचा वाटा १०,०००. दूध, किराणा, भाजी, फळं ७,०००. शाळेची वर्षाची फी ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. व्हॅन १,८००, क्लास १,५००. वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट वर्षाचे ९,६००, म्हणजे ८००. आई कामाला जाते म्हणून पाळणाघर ५,०००. डॉक्टर-औषधं १,२००. कपडे, सणवार, सहल १,२००. बेरीज ३३,०००.

घरभाड्यातला मुलांचा वाटा आणि पाळणाघर, या दोन ओळी हमखास राहून जातात. आणि इथे बघा, त्याच दोन ओळी १५,००० रुपयांच्या आहेत.

आता वडिलांच्या हातात ६०,००० येतात आणि आईच्या ३०,०००, असं धरू. कमाई दोनास एक. त्या प्रमाणात खर्च वाटला तर वडिलांकडे २२,००० आणि आईकडे ११,००० येतात. कोर्ट हाच आकडा देईल असं नाही. पण "एवढेच का मागता?" या प्रश्नाला तुमच्याकडे ओळीओळीने उत्तर असतं. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी उचलावा आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलेलं आहे. आईला स्वतःसाठी पोटगी हवी असेल तर ती यात मिसळू नका, वेगळी मागा.

प्रत्येक ओळीमागे कागद लावा: फीची पावती, बोनाफाईड, भाडेकरार, औषधांची बिलं. व्हॅनवाले काका पावती देत नसतील तर पैसे यूपीआयने द्या, नोंद आपोआप राहते.

अर्ज कोणत्या दाराने

मुलांसाठीचा सरळ रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला. सगळ्या धर्मांच्या मुलांना ते लागू आहे आणि आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाचा हक्क तोच राहतो. घटस्फोटाची किंवा हिंदू विवाह कायद्याखालची दुसरी केस चालू असेल तर त्याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या खर्चाचा अर्ज तिथेच करता येतो. मारहाण, छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे मागता येतं. दोन ठिकाणी अर्ज असतील तर दुसरीकडचा आदेश लपवू नका. तिथे मिळालेली रक्कम इथे वजा होते आणि लपवाछपवी उघडी पडली की कोर्टाचा विश्वास जातो.

तुम्ही जिथे राहता तिथल्या कोर्टात कलम १४४ चा अर्ज चालतो. सासर साताऱ्याला असलं म्हणून तारखांना तिकडे जावं लागत नाही. नवी मुंबईकरांचा घोटाळा मात्र वेगळाच होतो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरची बाई बेलापूर जवळ म्हणून तिथे जाते आणि तिला पनवेलला जायला सांगतात. एक दिवसाचा खाडा होतो, म्हणून आधी विचारून घ्या.

वकिलाच्या फीचं ओझं घेऊन बसू नका. बाई कितीही कमावती असो, स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. ठाण्याला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे.

आणि थांबू नका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आदेशाच्या तारखेपासून नाही, हेही २०२० च्याच निकालाने पक्कं केलं. "सगळे कागद जमले की जाऊ" म्हणून सहा महिने घालवले की त्या सहा महिन्यांचे पैसे गेले. जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, आधार आणि वहीचं पहिलं पान एवढ्यावर अर्ज होतो. बाकीचं मागाहून लावता येतं.

उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र

खरी लढाई इथे असते. रजनेश विरुद्ध नेहा हा तो ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल. तेव्हापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं: पगार, बँक खाती, विवरणपत्रं, गाडी, घर, कर्ज, अवलंबून असणारी माणसं. शेती असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. तुमचंही प्रतिज्ञापत्र तितकंच खरं असू द्या. शिवणाचे, डब्याचे पैसे येत असतील तर लिहा. मुलांच्या हक्कासाठी उभं राहताना आपल्या बाजूला एकही खोटी ओळ नको, यावर मी हट्टाने अडून बसते.

नोकरदार माणसाचं सोपं असतं. पगारपत्रक आणि फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) मागवता येतात. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते वजा करून "हातात काही उरत नाही" असं कोणी सांगितलं तर कोर्ट ते सहसा मानत नाही. आयकर, व्यवसाय कर यांसारखी सक्तीची कपात वेगळी.

अवघड जातं ते रोखीत कमावणाऱ्यांचं. आपल्या भागात असे पुष्कळ आहेत. तुर्भ्याच्या बाजारात धंदा करणारा, टेम्पो चालवणारा, गावठाणातल्या चाळीच्या आठ खोल्यांचं भाडं दर महिन्याला हातात घेणारा. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत उभी राहिली, त्यात कुटुंबाला फ्लॅट मिळाले, आणि कागदावर माणूस बेरोजगार. अशा वेळी राहणीमान दाखवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत टाकून इंडेक्स टू (मिळकतीच्या नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) शोधता येतो, सातबारा महाभूलेखवर दिसतो. गाडीचा नंबर, आधीची शाळा, लग्नसमारंभांतला खर्च, जुन्या विम्याचे हप्ते, जे आठवेल ते तारखेसह लिहा. त्याच्या फोनमध्ये शिरून किंवा त्याचा पासवर्ड वापरून काही काढू नका. वकिलामार्फत बँकेची विवरणं मागवण्याचा अर्ज करा. "काहीच कमवत नाही" ही ढालही फार चालत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट म्हटलंय.

मूळ अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि तो बहुतेक समन्सच्या बजावणीत जातो. म्हणून पत्ता घर आणि कामाची जागा असा दोन्हीकडचा द्या. केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते.

पैसे आले नाहीत तर

आदेश झाला की सही-शिक्क्याची नक्कल लगेच काढा. पैसे रोख घेऊ नका, मुलाच्या किंवा तुमच्या खात्यात येऊ द्या. वहीत उजव्या बाजूला तीन रकाने करा: देय, आले, थकले.

पहिला हप्ता चुकला की वसुलीचा अर्ज करता येतो. कोर्ट दंडवसुलीसारखं वॉरंट काढू शकतं, आणि तरीही पैसे आले नाहीत तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. आत जाऊन आला म्हणून थकबाकी मिटत नाही, ती द्यावीच लागते. तो पुण्याला किंवा नाशिकला राहायला गेला तरी तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून आदेशाची अंमलबजावणी होते.

सगळ्यात जास्त नुकसान एका मुदतीमुळे झालेलं मी पाहिलंय. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. "देईल, बहिणीच्या लग्नानंतर देईल" म्हणत दोन वर्षं गेलेली एक मुलगी आमच्याकडे आली होती. पहिल्या वर्षाचे पैसे तिला या कलमाखाली मागताच येईनात. तिचा चेहरा अजून आठवतो. दर सहा महिन्यांनी थकबाकीचा अर्ज टाका, मग बोलणी खुशाल चालू ठेवा.

दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज टाकून पगारावर जप्ती मागता येते. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. हिंसाचार कायद्याखाली कोर्ट मालकालाच थेट पगारातून पैसे द्यायला सांगू शकतं. सरकारी किंवा मोठ्या कंपनीतल्या नोकरदारासाठी हाच उपाय लवकर लागू पडतो.

एक गोष्ट दोन्ही बाजूंना कळकळीने सांगते. मुलाची भेट आणि मुलाची पोटगी यांची सांगड घालू नका. पैसे दिले नाहीत म्हणून आईने भेट अडवू नये, भेट मिळत नाही म्हणून वडिलांनी पैसे थांबवू नयेत. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत. वाढदिवसाला आणलेली सायकल पोटगीत धरली जात नाही, हेही वडिलांनी लक्षात ठेवावं.

आकडा बदलायचा असेल तर

परिस्थिती बदलली की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. विवाह कायदा आणि हिंसाचार कायदा यांतही तशी सोय आहे. मुलगा पाचवीतून दहावीत गेला, फी वाढली, आजारपण निघालं, वडिलांना बढती मिळाली, ही कारणं चालतात. पण महागाई वाढली असं नुसतं सांगून भागत नाही. तेव्हा जुन्या वहीचं आदेशाच्या महिन्यातलं पान आणि आजचं पान शेजारी-शेजारी ठेवा. फरक जिथे आहे तिथे पावती लावा.

वडिलांची नोकरी गेली तर त्यांनीही गप्प बसू नये. नवा आदेश होईपर्यंत जुनाच आकडा चढत राहतो. त्याच महिन्यात अर्ज करावा आणि जमेल तेवढी रक्कम भरत राहावी. आपल्या मनाने रक्कम कमी केली की ती थकबाकीच होते.

संमतीने घटस्फोट होत असेल तर अटींमध्येच दरवर्षी १० टक्के वाढ आणि फी वेगळी, असं लिहून घ्या. पुढचे अर्ज वाचतात. सुटकेच्या घाईत "मुलांसाठी काही मागणार नाही" यावर सही करू नका. केलीच असेल तरी घाबरू नका. तो हक्क मुलाचा आहे, आईच्या सहीने तो संपत नाही.

अठरा वर्षांनंतर कलम १४४ ची पोटगी सहसा थांबते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला ती पुढेही मिळते. मुलीचं वेगळं आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबातली अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर राहू शकत नसेल तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली अठरानंतरही मागू शकते, पण त्यासाठी वेगळा दावा लागतो. मुलगी बारावीत असतानाच वकिलांकडे जा. कॉलेजच्या प्रवेशाचा अंदाजे खर्च, वसतिगृह, रेल्वेचा पास असं नवं पान आधीच लिहून न्या.