ॲमरिलिस: अनंत चतुर्दशीला झोपवा, तुळशीच्या लग्नाला उठवा

कंद फ्रिजमध्ये ठेवला असेल तर आधी बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

दर ऑक्टोबरला कुणीतरी विचारतंच, "भाजीच्या कप्प्यात किती दिवस ठेवू?" हा सल्ला ट्यूलिपचा. ट्यूलिपला कडक थंडी सोसल्याशिवाय फूल येत नाही. आपण जिला ॲमरिलिस म्हणतो ती दक्षिण अमेरिकेतली. तिला लागते कोरडी विश्रांती, आणि ती इंदुरात जिन्याखाली फुकट मिळते. फ्रिज तिच्यासाठी जास्त गार पडतो. त्यात शेजारी सफरचंदं असली तर त्यांतून सुटणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. माझे तीन कंद असेच वांझ निघाले. पानं मात्र झकास आली होती.

कंद घ्यायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, घेर विचारून. २४ सेंटीमीटरच्या खालचा कंद फुलेलच असं नाही. ३० च्या पुढचा बहुधा दोन दांडे देतो आणि एका दांड्यावर साधारण चार फुलं. पाकिटावर हिपिएस्ट्रम लिहिलं असेल तर गोंधळू नका, वनस्पतिशास्त्रात हेच नाव. खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली, वेगळी. सुरुवात लाल 'रेड लायन' किंवा गुलाबी-पांढऱ्या 'ॲपल ब्लॉसम'ने करा. निळ्या फुलाचा फोटो दाखवून कुणी कंद विकत असेल तर पुढे चला. मी एकदा भुलले होते. त्या कंदाला तीच लाल फुलं आली जी आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात दर चैत्रात आपोआप यायची.

माती साधी: बागेची माती, रेती आणि कोकोपीट समसमान. माळव्याची काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि कंद बुडातून सडतो. कंपोस्ट मूठभरच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संशोधन संस्थेत बसवली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण म्हणून कंद खतात पुरायचा नसतो.

आता मुख्य गोष्ट. हिवाळ्यात फूल न येण्याचं कारण हिवाळ्यात शोधू नका, ते पावसाळ्याच्या शेवटी घडलेलं असतं. झाड जोमात असतं, पानं हातभर लांब, आणि नेमकं तेव्हाच त्याला पाणी तोडायचं असतं. हात धजत नाही. पहिली दोन वर्षं माझाही धजला नव्हता.

माझं वेळापत्रक पंचांगावर चालतं. गणपती बसले की खत बंद, अनंत चतुर्दशीला पाणी बंद. त्या रात्री सगळं इंदूर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला रस्त्यावर असतं. मी निघायच्या आधी कुंड्या गच्चीवरून जिन्याखाली आणते. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळजवळ दोन चांद्रमास, म्हणजे साधारण आठ आठवडे होतात. कंदाला तेवढीच झोप पुरते. उठवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी फूल, म्हणजे नाताळ ते संक्रांत. २०२० साली अधिक आश्विन आला आणि हे अंतर बारा आठवड्यांवर गेलं. मी घाबरून आधी उठवलं नाही. फुलं ऐन संक्रांतीला आली. जास्त झोपेने कंद बिघडत नाही, अर्धवट झोपेने बिघडतो.

अर्धवट झोप म्हणजे काय, ते दोनदा भोगलं आहे. पाणी तोडायला लागले त्या पहिल्या वर्षी कुंड्या गच्चीवरच पत्र्याच्या आडोशाला ठेवल्या. हस्ताचा पाऊस तिरका आला, माती भिजली आणि कंदाने पुन्हा पानं काढली. त्या हिवाळ्यात फूल नाही. दुसऱ्या वर्षी कुंड्या आत होत्या, पण पिवळी पडणारी पानं बघून घरात प्रत्येकाला दया आली. सासरे चहा घेऊन उठले की पेल्यातलं उरलेलं पाणी कुंडीत. कामवाल्या बाई फरशी पुसता पुसता ओंजळभर. मी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "थोडंसंच तर घातलं." आता प्रत्येक कुंडीवर कागद चिकटवते: झोपली आहे, पाणी घालू नये. हसतात, पण घालत नाहीत.

दुसरा वाईट सल्ला, पाणी तोडल्या दिवशीच हिरवी पानं कापून टाकण्याचा. करू नका. पान पिवळं पडताना त्यातलं सत्त्व कंदात उतरतं. तीनचार आठवड्यांत पान वाळतं आणि हलक्या हाताने ओढलं की निघतं. न निघालं तर राहू द्या. आठ आठवड्यांनंतरही एखादं हिरवंच असेल, काही जातींचं असतं, तर उठवायच्या दिवशी कंदाच्या मानेपासून, म्हणजे पानं निघतात त्या शेंड्यापासून, दोन बोटं वर कापा.

तिसरा सल्ला, कंद उपटून वर्तमानपत्रात गुंडाळायचा. कुंडीत रुळलेल्या कंदाच्या जाड मुळ्या वर्षानुवर्षं जगतात. त्या तोडून पुन्हा फुटायची वाट कशाला बघायची? कोरड्या कुंडीतच राहू द्या. ऑक्टोबरच्या उन्हाळ्याचीही काळजी नको, दुपारी तापलं तरी चालतं, जागा कोरडी आणि हवेशीर पाहिजे. मधूनमधून अंगठ्याने दाबून बघा. किंचित सैल लागला तर ठीक. पिचपिचीत लागला किंवा आंबूस वास आला तर उचलून फेका, शेजारच्या कुंड्यांसाठी.

आणि सुटा कंद असेल तर तो कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. यात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. कुत्र्या-मांजरांनाही त्रास होतो. आमच्याकडे एका रविवारी पोह्यांसाठी चिरायला घेतलेला 'कांदा' सोलताना सासूबाईंना डोळ्यांत पाणी येईना, म्हणून त्यांनी हाक मारली. 'मिनर्व्हा' जातीची ॲमरिलिस होती ती. अर्धी सोललेली.

तुळशीचं लग्न लागलं की वरची दोन बोटं माती बदला. नवा कंद लावत असाल तर कुंडी त्याच्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. एक पेला कोमट पाणी कडेकडेने घाला, मानेवर नाही. मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. चपटं टोक वर आलं तर पान, जाडसर भाल्यासारखं आलं तर कळी.

दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा आणि रोज कुंडी थोडी फिरवा, नाहीतर दांडा उजेडाकडे वाकतो. डिसेंबरच्या रात्री खिडकी लावून घ्या. फूल उमललं की कुंडी गार खोलीत न्या, जास्त टिकतं.

फुलं गेली की फक्त सुकलेली फुलं कापा, दांडा हिरवा असेपर्यंत नाही. इथून भादव्यापर्यंत पानं वाढवायची. कंदाच्या आत साधारण चार पानांमागे एक कळी धरते आणि ती बाहेर यायला वर्षभर तरी घेते. म्हणून पानं मोजा. वर्षभरात चारच आली तर दोन दांड्यांची आशा धरू नका. फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांनी पातळ खत, पोटॅश जास्त असलेलं. मे महिन्यात फक्त सकाळचं ऊन. पावसाळ्यात रोज पानांच्या मागे बघा: काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या की हाताने वेचा. चारदोन दिवसांत त्या पान संपवून मानेत शिरतात.

संग्रह करायचा तर घाई नको. कंदाच्या कुशीला पिल्लं येतात. ती स्वतःची मुळं धरेपर्यंत आईजवळ राहू द्या. वेगळं केलेलं पिल्लू दोनतीन वर्षांनी फुलतं, बी पेरलं तर त्याहून उशीर. यातला पहिला नोंदलेला संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडातल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने केला. तुम्हीही परागकण इकडचे तिकडे करून बघा, पण आईबापांची नावं लिहून ठेवा. मार्कर पेनने लिहिलेली पाटी इंदूरच्या उन्हात दोन वर्षांत कोरी होते. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापा, त्यावर बॉलपेनने दाबून लिहा आणि पाटी कुंडीच्या आतल्या कडेला खोचा.